रुमालाखाली गेलेलं घर

चिमाजीला फसवणारा दलाल भोर संस्थानात अजून जन्माला यायचा होता. असं कोण म्हणायचं? खुद्द चिमाजीच! तीस वर्षं त्यानं बाजारात बैलांचे सौदे केले होते, तेही रुमालाखाली बोटं दाबून. दाबलेल्या बोटांवर भाव ठरायचा आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही.

आता त्याला भोरातलं घर विकून शिवऱ्याला सडकेच्या कडेला जागा घ्यायची होती. हल्ली पुण्या-साताऱ्याच्या मोटारी तिथं थांबत होत्या. चहाचं दुकान टाकायचं, गल्ल्यावर बसायचं आणि बैलांची शेपटं पिरगाळणं कायमचं सोडायचं, एवढंच म्हातारपणीचं स्वप्न. फुलाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "आदी हितलं इका, मग तितलं घ्या." पण बायकोचं ऐकलं तर तो चिमाजी कसला!

दोन्हीकडचा दलाल एकच, आनंदराव. तोंडात साखर आणि पायाला चाकं!

"चिमाजीराव, आजच इसार द्या! दुसरं गिऱ्हाईक कापूरहोळला मोटारीची वाट बघत उभं हाय!"

चिमाजीनं घाईघाईनं इसार दिला. बाकीचे पैसे महिन्यात दिले नाहीत तर तो बुडणार होता. इसार हातात पडला आणि आनंदरावाचा सूरच बदलला.

"भोरातल्या घरांना आता कोण इचारतंय? जलीलभाई सोडले तर गिऱ्हाईकच न्हाई. देत्याल त्यात देऊन टाका. परवा ते बी पुण्याला चालले!"

जलीलभाई पेठेतले कापडवाले, माणूस सरळ. पण गिऱ्हाईक एकटंच म्हणजे भाव पडणार. "थांब लेका, तुज्याच औषधानं तुला मारतो!" म्हणत चिमाजीनं वेल्ह्याच्या डोंगरातनं सोनबा मेहुण्याला बोलावून घेतलं. बहिणीच्या लग्नानंतर सोनबा भोरात पहिल्यांदाच येत होता, तेव्हा त्याला इथं कुत्रंही ओळखत नव्हतं. उसना कोट चढवून त्याला साताऱ्याचा व्यापारी केला.

"तू नुसता भाव चढवायचा. म्या मिशीला हात लावला की थांबायचं. कळलं?"

"कळलं, दाजी."

"दाजी न्हाई रं, चिमाजीराव म्हण!"

ओसरीवर गल्लीतले चार पंच बसले. आनंदरावानं मांडीवर रुमाल पसरला. त्याखाली एकदा जलीलभाईंचा हात धरायचा, एकदा सोनबाचा, आणि मधूनमधून चिमाजीची बोटं दाबून आकडा कळवायचा. भाव चढला. चिमाजीच्या मनातल्या आकड्यालाही मागं टाकून गेला! चिमाजीनं खूश होऊन मिशीला हात लावला.

पण सोनबाचं ध्यान होतं कुठं? जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणी शेठ म्हणत होतं. टेकायला लोड, बशीत चहा, वर विडा!

"शेठ, तुमच्यासारख्यांनी मागं सरायचं व्हय?" आनंदराव म्हणाला.

शेठनी भाव चढवला. चिमाजीनं मिशी पिळली. शेठनी आणखी चढवला. चिमाजी मिशी उपटायच्या बेताला आला!

"घ्या तुमीच," म्हणत जलीलभाईंनी हात काढून घेतला. "आपली न्हाई बाबा एवढी ऐपत."

आनंदरावानं सोनबाच्या हातावर टाळी दिली आणि सगळ्यांच्या तोंडात गुळाचा खडा घातला. चिमाजीच्याही! पंचांपुढं गूळ खाल्ला की सौदा मोडायचा नाही, अशी रीत. मोडणाऱ्याचा हात पुन्हा बाजारात कुणी रुमालाखाली घेत नसे. आता खरं सांगावं, तर तीस वर्षांची अब्रू जाते; गप्प बसावं, तर घर मेहुण्याचं होतं. चिमाजीनं गूळ गिळला.

मागच्या दारानं त्यानं स्वतःचे पैसे सोनबाला दिले आणि पुढच्या दारानं तेच इसार म्हणून परत घेतले. दलाली मात्र आनंदरावानं दोन्ही दारांत वसूल केली.

महिना संपला. शिवऱ्याचा इसार बुडाला, आणि आनंदरावानं ती जागा जलीलभाईंना मिळवून दिली! चिमाजीला चहाचा घोटही कडू लागायला लागला. सोनबा केव्हाच गावी गेला होता, कोटासकट.

एका सकाळी आनंदराव दारात हजर.

"चिमाजीराव, घर तर इकलं. आता ऱ्हानार कुठं? माज्याकडं भाड्याचं एक झकास हाय. मोकळी ओसरी, मागं हीर, शेजार चांगला. मालक कदी तोंड दावत न्हाई."

"कुठं हाय?"

"हेच की!"

आतून फुलाबाईनं विचारलं, "आन् दलाली किती?"

"दोन्हीकडनं एकेक म्हैन्याचं भाडं, वैनी. शेठची बी तुमच्याकडनंच घेतो. तेवढ्यासाठी कशाला वेल्ह्याचा डोंगर चढू?"

चिमाजीनं कनवटीला हात घातला.