अज्ञात डावखुरी व्यक्ती

नळकाकांचा दावा होता की जमिनीखालचा पाइप त्यांच्यापासून लपूच शकत नाही. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेलं. पाणी कुठं मुरतंय ते त्यांच्या चपलेलासुद्धा कळायचं! त्यामुळे मागच्या अंगणात ओल दिसली तेव्हा ते भिंतीपलीकडच्या शिंप्याला म्हणाले, "दोन तासांचं काम. बघच तू!"

दोन तासांत पाइप काही सापडला नाही. दगड सापडला. मुठीत मावेल एवढा, चिखलाने बरबटलेला. धुतला तर एका बाजूला शंखाचे वेढे, नळाच्या आट्यांसारखे!

शिंप्याने भिंतीवरून मान लांब केली. "काका, हे काहीतरी भारी आहे. संग्रहालयात दाखवा."

खरं सांगायचं तर काकांना त्या दगडाचं सोयरसुतक नव्हतं. पण बायको जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत उंबरठा ओलांडून आत आलेला एकच माणूस, मीटरचं रीडिंग घेणारा. तोही चहाला नको म्हणाला होता! शिंपी बोलायचा, पण भिंतीवरूनच. संग्रहालयात निदान कोणी 'बसा' तरी म्हणेल.

म्हणाले. एक सोडून दोघं म्हणाले, आणि तिथंच घोटाळा झाला.

पहिले जीवाश्मांचे साहेब. भिंगातून बघत ओरडले, "शंख! कोट्यवधी वर्षांचा! माणूस नावाचा प्राणी तेव्हा जन्मायचा होता."

शेजारच्या टेबलावर प्रागितिहासाच्या मॅडम होत्या. त्यांनी दगड उचलून उलटा केला. "शंख असू दे. हा खळगा बघा! इथं अंगठा टेकायचा. हा दगड माणसाने वापरलाय. माझ्या कपाटात जाणार."

"शंख माझा म्हणजे दगड माझा!"

"तुमचा जीव दगड झाल्यावर तो हातात कोणी धरला, हे कोण शोधणार?"

काकांनी भीत भीत विचारलं, "म्हणजे तुमचं दोघांचं काम एकच नाही?"

"छे!" दोघं एका सुरात ओरडले.

"हे मेलेला जीव बघतात," मॅडम म्हणाल्या. "मी माणूस बघते. ज्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून ज्याच्याबद्दल कुठंच काही लिहिलेलं नाही, असा माणूस."

"आणि तो माणूस कुठल्या काळातला, हे विचारायला माझ्याकडेच येतात," साहेब पुटपुटले. "त्या थरात कोणत्या जनावरांची हाडं सापडली, त्यावरून ठरतं ना!"

दुसऱ्या दिवशी दोघं खुरपी, चाळण्या, दोऱ्या घेऊन काकांच्या अंगणात हजर! कपाट कुणाचं ते थर बघून ठरणार होतं. काकांनी माळ्यावरच्या घडीच्या खुर्च्या काढल्या. दिवसाला सहा वेळा चहा. साहेब साखर कमी, मॅडम साखर जास्त, हे काकांना तोंडपाठ झालं. दोघं भांडायचे आणि काका मध्ये बसून लेकरांचं कौतुक बघावं तसं ऐकायचे. चौथ्या दिवशी साहेबांची कुदळ खण्णकन वाजली आणि पाण्याचं कारंजं थेट मॅडमच्या चष्म्यावर!

"सापडला! पाइप सापडला!" काका टाळ्या वाजवत नाचले. इतके ते आठ महिन्यांत हसले नव्हते.

बाराव्या दिवशी मॅडमनी आपल्या कपाटासाठी आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. "वापरणारा: अज्ञात डावखुरी व्यक्ती. तळहात लहान. काम: कुटणे. तीन घाव सरळ, चौथा तिरका."

"चौथा तिरका म्हणजे?"

मॅडमनी दगड डाव्या हातात धरला आणि पायरीवर आपटून दाखवला. टक, टक, टक... ठप्प.

काकांच्या हातातली किटली तशीच राहिली.

अडतीस वर्षं ते याच आवाजाने जागे झाले होते. स्वयंपाकघरात लसूण कुटला जायचा आणि पलीकडून शिंपी भिंतीवर बुक्क्या मारायचा. ती गेल्यावर काकांनी शेखी मिरवत एका दिवसात स्वयंपाकघर आवरलं होतं. 'दगडधोंडे कशाला ठेवायचे!' म्हणत मागच्या दाराने भिरकावलेसुद्धा होते. अडतीस वर्षं कुटलेलं खाल्लं, पण कशाने कुटते ते वळून कधी बघितलं नाही.

गप्प बसता आलं असतं. पुढच्या महिन्यात न्हाणीघरापर्यंत खणायचं ठरलं होतं. म्हणजे आणखी महिनाभर सहा वेळा चहा! पण त्यांची नजर चिठ्ठीतल्या एका शब्दावर अडकली.

"मॅडम, 'अज्ञात' तेवढं खोडा."

"का हो?"

"डावखुरी, बरोबर. हात लहान, तेही बरोबर. चौथा घाव तिरका पडायचा, कारण तेव्हा ती मान वळवून मला विचारायची, 'उठलात का?' ती माझी बायको होती."

साहेब असे हसले की घडीची खुर्ची मिटली आणि ते त्यात अडकले. मॅडम कानापर्यंत लाल! मग मॅडमनी चिठ्ठी फाडली आणि दगड दोन्ही हातांनी काकांच्या हातात दिला.

"शंख मात्र खराच जुना आहे हं," खुर्चीतून सुटत साहेब म्हणाले. चहा अर्धाच टाकून दोघं गेले. अंगणात अकरा खड्डे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका लसूण घेऊन बसले. उजव्या हातात दगड काही बसेना. अंगठ्याला खळगाच सापडेना. मग डाव्या हातात घेतला. टक, टक, टक... चौथा थेट बोटावर!

"आई गं!"

भिंतीवर धाड धाड बुक्क्या पडल्या. काका बोट तोंडात धरून ऐकत राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच!

"काका!" पलीकडून शिंपी ओरडला. "काकू निदान तालात झोपमोड करायच्या!"

"मग ये इकडे आणि शिकव!"

शिंपी आला. चक्क पुढच्या दाराने, चप्पल काढून आत आला. काकांनी चहा टाकला आणि दगड त्याच्यापुढे ठेवला.

तोही उजव्याच हाताचा निघाला.