अडथळा क्रमांक तीन

घरातला कुठलाही प्रश्न नीट मोजला की आठवड्याभरात सुटतो, असं मी छातीठोकपणे सांगायची. संख्याशास्त्राची पदवी काय उगीच घेतली? आता नाही सांगत.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी बाबांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. सोबतीला मागच्या गल्लीतले टेलरकाका. महिना-दोन महिने झाले, तरी दोघं फिरून आले की चेहरे कसे सहलीहून आल्यासारखे! मला शंका आली. चार दिवस मी घड्याळ घेऊन त्यांच्या मागून चालले. चाळीस मिनिटांत प्रत्यक्ष चालणं फक्त बावीस! बाकी वेळ पुलावर वाकून पाणी बघणं, सायकलवाल्याशी वाद. आणि टेलरकाका तर प्रत्येक मुद्द्याला थांबत. तोंड सुरू झालं की पाय बंद!

मी तक्ता करून फ्रिजवर लावला आणि बाबांना एकट्यांना शाळेच्या मैदानावर धाडलं. चारी बाजूंनी भिंत, ना पूल ना माणूस.

"काकांना काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"मी सांगते ना!"

सांगायचं राहूनच गेलं. चौथ्या दिवशी काका दारात. गळ्यात टेप, काखेत पिशवी.

"अगं, बाबा बरे आहेत ना? तीन दिवस कोपऱ्यावर उभा राहून परत जातोय मी."

"बरे आहेत की! या, पाणी देते."

ते माझ्यामागून फ्रिजपर्यंत आले आणि चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागले. "अडथळा क्रमांक तीन, टेलरकाका. एक आणि दोन कोण गं?"

"एक... तुंबलेलं गटार. दोन, भटकी कुत्री."

"म्हणजे कुत्र्यांच्याही मागे मी?"

"छे हो काका! वाया गेलेल्या वेळात तुम्हीच पहिले!"

काकांनी पिशवीतून बाबांची पँट काढून खुर्चीवर ठेवली. "दीड इंच आत घेतलीय. कंबर उतरलीय त्यांची. सांग त्यांना."

कंबर! ती तेवढी मी मोजली नव्हती.

दोन दिवसांत बाबांनी मैदान सोडलं. "घाण्याच्या बैलासारखं किती फिरू?" मी सोबत निघाले, तर म्हणाले, "नको. तू माझ्याकडे घड्याळासारखी बघतेस." मी माफी मागायला काकांच्या दुकानात गेले. "थांबायला वेळ नाही गं," ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

आता काका रोज संध्याकाळी आमच्या फाटकावरून एकटेच तरातरा जातात. वेग अगदी दुप्पट. बाबा बूट घालून फाटकाशी उभे राहतात, काका वळणाआड गेले की आत येऊन बूट काढतात. त्यांचा वेग शून्य.

दोघांची सरासरी मात्र मी काढून पाहिली. पूर्वीइतकीच आहे!