हरेश्वरभाऊ बिअर हुंगतात

हरेश्वरभाऊ तांडेल बिअर मागवतात आणि पीत नाहीत. ग्लास समोर आला की ते चष्मा काढून खिशात ठेवतात, नाक जवळजवळ फेसात बुडवतात आणि डोळे मिटून बसतात. फेस बसतो, बिअर कोमट होते, माझा दुसरा ग्लास संपतो. शेजारच्या टेबलावरची माणसं मला खुणेनं विचारतात, यांना बरं नाही का? मग भाऊ डोळे उघडून जाहीर करतात, "लवंग हाय. मागं पिकलेलं केळं हाय. आनि शेवटाला... थांबा जरा." की पुन्हा नाक आत.

मी साताऱ्याकडचा, नोकरीपायी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. भाऊ बॉयलरवर, मी स्टोअरमध्ये. ते निवृत्त झाले आणि जवळच समुद्राकाठच्या नवापूरच्या घरी बसले, म्हणजे बसायला हवे होते. बिअर थंड असावी आणि लवकर यावी, यापलीकडे माझ्या काही अपेक्षा नसतात. भाऊंना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. "प्यायला काय, म्हैस पन पिते," ते म्हणतात. "वास घ्या शिंदे, वास!"

पालघरच्या दुकानात नव्या चवीचा डबा आला, वसईत कुणी वेगळी बिअर काढली, ठाण्यात एखाद्या हॉटेलानं स्वतःच बिअर बनवायला घेतली, की रविवारी सकाळी माझा फोन वाजलाच म्हणून समजा. "शिंदे, एक नवीन हाय." मुलगी बघायला निघाल्यासारखे ते इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर उभे असतात. माझी बायको म्हणते, त्यांचं वय झालं, तुम्हाला काय झालंय?

ठाण्यातल्या अशाच एका ठिकाणी वेटरनं अदबीनं सांगितलं, "सर, यात सिट्रसचे नोट्स आहेत. आणि मागे थोडा पाइन."

"लिंबू म्हन ना बाबा," भाऊ म्हणाले. मग हुंगून, "आनि पाइन कुनी बघितलाय? आमच्या पालघरकडच्या माहीमला विड्याच्या पानांच्या वाडीत पानी सोडल्यावर येतो, त्यो वास हाय हा. गेलायस कधी पानवाडीत?"

वेटर गेला नव्हता. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरही गेला नव्हता, पण दोघांनी आळीपाळीनं ग्लास हुंगला आणि तसंच असेल म्हणाले.

हुंगून झालं की भाऊ फक्त दोन घोट घेतात आणि तीच बिअर घरासाठी बाटलीत भरून मागतात. "मथुरा हाय ना घरी." पहिल्यांदा त्यांनी चहाचा थर्मास नेला होता, त्यामुळे त्या भारी बिअरला घरी पोचेपर्यंत वेलचीचा वास लागला. दुसऱ्यांदा काचेची बाटली होती. बोईसरहून नवापूरला जाणाऱ्या रिक्षेत, खड्ड्यांनी आपलं काम केल्यावर, तिचं बूच उडालं आणि निम्मी बिअर ड्रायव्हरच्या मानेवर गेली. "अरे चाचा! सुबह पूजा किया था गाडी का!" तो ओरडला. भाऊंनी रुमालानं त्याची मान पुसली आणि तोच रुमाल नाकाला लावून मला म्हणाले, "संत्र्याची साल. मगाशी ध्यानात नव्हतं आलं."

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मथुरावहिनी सुक्या मासळीच्या धंद्यातल्या. बोईसरच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली. मूठभर जवळा नाकाशी नेला की तो किती वाळलाय, कधीचा आहे, टिकेल की नाही, सगळं सांगायच्या. दोनेक वर्षांपूर्वी एका तापात त्यांना वास येणंच बंद झालं. त्यांनी ओलसर राहिलेला जवळा विकला आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांनी तो भर बाजारात परत आणून दिला. त्या दिवसापासून त्यांनी मासळीची पाटी माळ्यावर टाकली आणि बाजाराचं नाव काढलं नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज वेगवेगळे वास देत राहा, आला तर येईल. भाऊंच्या अगरबत्त्या झाल्या, कापूर झाला, लवंगा झाल्या. वहिनी वैतागल्या, "माझी काय पूजा मांडलीय तुमी?" त्याच सुमारास कारखान्यातल्या एकाच्या पार्टीत भाऊंनी असली बिअर प्रथम हुंगली आणि हरखूनच गेले. "एका गिलासात पाच वास, शिंदे! अगरबत्तीत एकच!" शिवाय होळीला वहिनी दोन घोट घेतात, म्हणजे पथ्याचीही अडचण नव्हती.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर नवापूरला गेलो. संध्याकाळचं ऊन होतं. ओट्यावर वहिनींसमोर स्टीलच्या पेल्यात बिअर ओतून भाऊ म्हणाले, "बघ. कॉफी. आमच्या कॅन्टीनची नव्हं, चांगली."

वहिनींनी हुंगलं. "नाय येत."

"बरं. मग ऐक." आणि भाऊंनी सगळी हकिगत सांगितली. वेटर कसा होता, शेजारी कोण बसलं होतं, मी किती प्यायलो. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग भाऊ बोंबील भाजायला आत गेले. वहिनींनी शेजारच्या अंगणाकडे मान वळवली आणि सहज म्हणाल्या, "हिचा जवळा ओला राहिलाय. उद्यापर्यंत सडंल."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी जीभ चावली.

"होळीपासनं येतोय वास," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका, भावोजी. सारा जन्म ह्यांच्या शिफ्टा नि माझा बाजार. आता कुठं असे समोर बसून बोलतात. वास आला म्हटलं की मी जाईन बाजारात नि हे परत एकटे."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. भाऊ मला रिक्षापर्यंत सोडायला आले, तेव्हा मी सुरुवात केलीच, "भाऊ, वहिनींना..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "दूध लागायच्या आधी आतल्या खोलीतनं उठून गॅस बंद करते. मला कळनार नाय?"

"मग बोलत का नाही?"

त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "पाटी नवीन बांधून आनलीय मी. माळ्यावर ठेवलीय. जाऊ दे तिला, जायलाच पायजे, तिचा जीव हाय बाजारात." मग म्हणाले, "पन मासळीच्या रांगेत बायकाच बसतात, शिंदे. बाप्या बसला की सगळ्या हसतात. तिला लाज वाटंल." रिक्षा येऊन उभी राहिली होती. भाऊंनी माझा दंड धरला. चाळीस फुटी बॉयलर हाकणारा हा माणूस मला विनवत होता. "तुमी विचाराल काय तिला? नुसती पाटी उचलायला मी चालेन काय म्हनून?"

मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि घराकडे वळलो.