चिंधूनानांचा चंद्र

शहाद्यात आल्यावर माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द म्हणजे, "हालू नका!"

यांची तिथल्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली होती. सारंगखेड्याला होडीतून तापी ओलांडून आणि पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आम्ही आमच्या भाड्याच्या घरापाशी पोचलो. माझा एक पाय जमिनीवर, दुसरा अजून गाडीतच, हातात लोणच्याची बरणी, आणि शेजारच्या ओट्यावरून ही आरोळी आली. पायाशी साप असणार अशी माझी खात्रीच झाली. मी श्वास रोखून तशीच उभी. बघते तर ओट्यावर एक किडकिडीत गृहस्थ, गळ्यात माप घ्यायची पट्टी, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केलेली, एक डोळा मिटलेला, आणि उघडा डोळा माझ्यावर.

"व्हयनं. चाला आते," ते हात खाली घेत म्हणाले. "मनमा फोटू काढी लिधा."

हे आमचे शेजारी चिंधूनाना. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं यांचं नाव चिंधा ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे काळ ढुंकून बघणार नाही, हा हिशेब. काळानं बघितलं नाही, आणि पोर वाढून शिंपी झालं. "नाव चिंधा, काम चिंध्यास्नं. देवनी जोडी बरी जमाडी," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

पण शिवणकाम त्यांच्या पोटाचं. जीव सगळा फोटोत. तरुणपणी सुरतेला एका फोटोवाल्याकडे पडदे शिवायला गेले आणि येताना त्याचा जुना कॅमेरा घेऊन आले. लाकडी पेटी, तीन पाय, डोक्यावरून घ्यायचं काळं कापड आणि काचेच्या पट्ट्या. पट्टी म्हणजे जिच्यावर चित्र उमटतं ती काच. ती सुरतेहून यायची, सहज मिळायची नाही, म्हणून नाना बहुतेक फोटो मनातच काढत. ओट्यावरून जाणारी म्हैस, मांडीवरचं मूल, ओतला जाणारा चहा, सगळ्यांना "हालू नको!" हा हुकूम व्हायचा. म्हैस सोडून सगळे तो पाळायचे.

बाजाराच्या दिवशी मात्र खरे फोटो निघत. कळसाडीकडून, ब्राह्मणपुरीकडून मंडळी यायची. नानांच्या ओट्यावर मागे एक रंगवलेला पडदा असे. त्यावर समुद्र आणि आगबोट. रंगवणाऱ्यानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यानं आपली गोमाई नदीच काढली होती, काठावर बाभळी होत्या, आणि मधोमध धूर सोडणारी आगबोट. शिवाय सर्वांसाठी एकच काळा कोट. तो पाठीकडून सरळ उभा फाडलेला. माणूस बारीक असला तर मागून टाचण्या, जाडा असला तर मागून नुसती हवा. समोरून बघावं तर मामलेदार, मागून बघावं तर दोरीवर वाळत घातलेलं धुणं! "फोटूले पाठ ऱ्हास नही," हे नानांचं उत्तर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसले नसते. नानांना चंद्राचा फोटो काढायचा होता. त्यातही ग्रहणातल्या चंद्राचा.

"साध्या चंद्राचा काढा की," हे एकदा म्हणाले.

"साधा चंद्र बठ्ठास्ले दिसस, मास्तर. त्याना फोटू कोन देखी?"

साधा सगळ्यांनाच दिसतो, त्याचा फोटो कोण बघणार! मग ग्रहणाचा तरी कोण बघणार, असं विचारलं की नाना टाचण्या तोंडात धरत आणि बोलणंच बंद होई.

आजवरचे त्यांचे ग्रहणाचे फोटो घरात भिंतीवर चौकटीत लावलेले होते. एकात चंद्राची लांबलचक काकडी झाली होती. "भो हालना," नाना म्हणत. दोष सगळा चंद्राचा. दुसऱ्यात कडुलिंबाची फांदी फार सुरेख आली होती. तिसरा फोटो संपूर्ण काळा होता. त्या वेळी कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं, पण नानांनी त्याखाली लिहिलं होतं, 'खग्रास'.

त्यांची बायको मथुराकाकू. नाना जितके बोलके तितक्या त्या गप्प. दिवसभर दाराआड बसून काजं करायच्या, माझ्यासाठी वरणबट्टी पाठवायच्या, मला पोरी म्हणायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. चांदणं पडलं की त्या अंगणात येत नसत. अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायचं, धान्य राखायचं काम असलं तरी नानाच बाहेर येत. चांदण्यानं डोकं दुखत असेल, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात पंचांगात ग्रहण निघालं. खग्रास, आणि तेही ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवणार तोच ग्रासलेला, आणि रात्रीच्या जेवणाआधी मोकळा होणार. ही बातमी ऐकून दोन माणसं धावत सुटली. येवल्याहून माझ्या सासूबाई, आणि शेजारून चिंधूनाना.

सासूबाईंनी आल्या आल्या घरातली कात्री, सुई, विळी गोळा करून उतरंडीमागे ठेवली. गर्भारणीनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आणि आकाशाकडे तर चुकूनही बघायचं नाही. मधल्या खोलीत मला बसवायचं ठरलं. त्या खोलीच्या धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, उजेडापुरतं एक भोक होतं. सासूबाईंनी त्यावर आतून टोपलं बांधलं.

नानांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या छपरावरून पूर्वेला कडुलिंब आडवा येई. आमचं धाबं मोकळं. तेव्हा कॅमेरा आमच्या धाब्यावर चढवायचा.

"गर्भारणीच्या डोक्यावर?" सासूबाई कडाडल्या. "ग्रहण लागलेलं असताना वर तुम्ही धपधप चालणार?"

"चालाव नही व माय. एक जागे उभा ऱ्हासू."

"आणि खोकलात तर?"

"खोकाव बी नही."

शेवटी यांनी मध्यस्थी केली. नानांनी धाब्यावर एकाच जागी उभं राहायचं, पायात काही घालायचं नाही, आणि बदल्यात मथुराकाकूंनी खाली माझ्या सोबतीला बसायचं. ही शेवटची अट नानांनीच घातली होती. सासूबाईंना ती पटली. मला मात्र ती अट सांगताना नानांनी डोळे का चुकवले ते कळेना.

ग्रहणाच्या दिवशी दुपारीच चूल विझली. पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रं पडली. दिवेलागणीच्या आधी मी मधल्या खोलीत पाटावर बसले. एका कोपऱ्यात सासूबाई माळ घेऊन, माझ्याजवळ मथुराकाकू. वर नाना आणि काळं कापड वाऱ्यानं उडू नये म्हणून धरायला आमचे हे.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टोपल्यातून नानांचा आवाज आला. "मास्तर, पंचांग खोटं शे. चंद्र उनाच नही."

"आला असेल हो. उजेडात दिसत नसेल."

"इतला मोठा चंद्र दिसाव नही?"

"नाना, तुमच्या कापडात तोंड आहे. बाहेर काढा."

अंधारात मला हसू फुटलं. सासूबाईंची माळ जोरात फिरली. पण हसून झालं आणि मग मला भीती वाटू लागली. पोटातलं बाळ सकाळपासून फारसं हललं नव्हतं. त्या एवढ्याशा खोलीत, बंद दाराआड, ते मला एकदम आठवलं. मी काकूंचा हात धरला. तो माझ्यापेक्षा गार होता.

"काकू, तुम्हालाही भीती वाटते?"

त्या हळूच म्हणाल्या, "मी बी अशीच बठेल व्हतू, पोरी."

लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना दिवस राहिले होते. असंच ग्रहण होतं. अशाच बंद खोलीत त्या बसल्या, पाण्याचा थेंब घेतला नाही, पाय आखडले तरी हलल्या नाहीत. दाराबाहेर नाना बसून होते. आणि महिन्याभरानं मुलगी झाली ती रडलीच नाही. मग घरातल्या बायका म्हणू लागल्या, हिनं बघितलं असणार. फटीतून, दारातून, कुठून तरी बघितलंच असणार.

"मी देखं नही, माय," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही त्या मलाच पटवून देत होत्या. "दारकडे तोंड सुद्धा करं नही."

त्यानंतर त्यांनी चंद्राकडे बघायचंच सोडलं. ग्रहणातल्या नाही, कुठल्याच. न बघता एवढं झालं, तर बघितल्यावर काय होईल!

"आणि नाना?"

"त्या म्हनतस, तू वर देखू नको, फोटू देख. कागदवरना चंद्र कोनले काय करी? एक डाव देखी ले, मंग भेव जाई." एकदा फोटोत बघ, मग भीती जाईल. काकूंच्या आवाजात थोडंसं हसू आलं. "पन त्यास्ना एक बी फोटू बरा येस नही."

काकडी, फांदी आणि 'खग्रास' लिहिलेला तो काळा फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेला. हा माणूस इतकी वर्षं कोणासाठी खटपट करत होता, आणि ग्रहणात काकू एकट्या पडू नयेत म्हणूनच त्यानं ती सोबतीची अट घातली होती, ते मला तेव्हा कळलं.

इतक्यात वरून नाना ओरडले, "दिसना! दिसना! मास्तर, कापड धरा!" आणि मग सासूबाईंना न जुमानता त्यांनी टोपल्याला तोंड लावलं. "ताई, घाबरू नका. तांबडा शे. चुल्हावरना खापर मायक. बाकी काही नही. निस्तं खापर!"

चुलीवरच्या खापरासारखा. मला खरंच धीर आला. पण शेजारी काकू आणखीच अंग चोरून बसल्या. मी म्हणाले, "काकू, बाळ सकाळपासून हललं नाही." हे मी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं.

काकूंनी माझ्या पोटावर हात ठेवला. किती वेळ ठेवला ते मला सांगता येणार नाही. मग त्या उठल्या.

"कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"वर."

"वर? ग्रहणात?"

"मी काय पोटुशी शे?" काकू म्हणाल्या. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पहिले मी देखी येस. काही व्हवानं व्हई ते मन्हावर होऊ दे. मंग हाई पोरले काही व्हवाव नही."

आधी मी बघून येते, काय व्हायचं ते माझं होऊ दे, मग या पोरीला काही होणार नाही. दार उघडून त्या गेल्यासुद्धा. अंगणातल्या शिडीचे दांडे एकेक करून वाजले.

पुढचं यांनी मला सांगितलं. नानांनी नुकतंच कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण काढलं होतं. या वेळी चंद्र हलला तर आपणही त्याच्यासोबत कॅमेरा हलवायचा, असा त्यांचा बेत होता. एक हात पेटीवर ठेवून ते तयारीत होते. तेवढ्यात शिडीवरून काकूंचं डोकं वर आलं. नानांनी पेटीवरचा हात काढला. काकू धाब्यावर आल्या, पदर सावरला, आणि मान वर केली.

त्या कितीतरी वेळ बघत होत्या. आणि नाना, ज्यांनी अशा ग्रहणाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, ते चंद्राकडे पाठ करून बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

"इतलासाच शे?" काकू म्हणाल्या.

"इतलासाच," नाना म्हणाले.

हे मात्र मी स्वतः ऐकलं, कारण टोपल्यातून सगळं ऐकू येत होतं. सासूबाईंनीही ऐकलं. त्यांची माळ थांबली. आणि त्याच वेळी, किंवा थोडं नंतर, माझ्या पोटात एक जोरदार लाथ बसली. मी ओरडलेच. सासूबाई धावत आल्या, हात लावून बघितला, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

गल्लीत "दे दान, सुटे गिऱ्हान" अशी आरोळी सुरू झाली. ग्रहण सुटलं, चूल पेटली, अंघोळीचं पाणी तापलं. वरची दोन माणसं काही खाली येईनात. हे कधीच उतरून आले होते. मी हाक मारायला निघाले तर सासूबाईंनी मला दंडाला धरून बसवलं.

"राहू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "पाणी पुन्हा तापवता येईल."

पट्टी अर्थातच वाया गेली. झाकण उघडं ते उघडंच राहिलं होतं. दोन महिन्यांनी मला मुलगी झाली आणि ती अशी रडली की समोरच्या आळीतल्या बायका बघायला आल्या. तिला पहिली अंघोळ मथुराकाकूंनी घातली. रात्री ती रडायला लागली की काकूच तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवत. चांदणं असो, नसो.

वर्षभरानं पंचांगात पुन्हा ग्रहण निघालं. हे मुद्दाम शेजारच्या ओट्यावर गेले. नाना कोणाच्या तरी सदऱ्याचं कापड कापत होते.

"नाना, सुरतेहून पट्ट्या मागवायच्या ना?"

नानांनी मान वरसुद्धा केली नाही. कात्री चालवत म्हणाले, "आते कसाले, मास्तर? तिनी देखी लिधा ना."