प्रातःप्रार्थनेत आखूड पडदे

"हे स्तोत्र कालही झालं, परवाही झालं," आमचे हे मिटल्या डोळ्यांनी माझ्या कानाशी पुटपुटले. "रोज त्याच कुरणात किती चरायचं?"

"गप्प बसा, प्रार्थना चाललीय!" मी कोपर मारलं.

आमच्याकडे सकाळची प्रार्थना सासरे चालवतात. त्यांनी खुर्चीत बसून एकेक ओळ म्हणायची आणि आम्ही ठरलेलं उत्तर द्यायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस! त्यांच्या नजरेतून निसटेल असा अनुस्वार अजून जन्माला यायचा होता. आणि हल्ली तेच सासरे रोज एकच पाठ असलेलं, मेंढपाळाचं आणि हिरव्या कुरणाचं स्तोत्र म्हणत होते. हातात पुस्तक, पान अगदी वेळेवर उलटलेलं. फक्त पुस्तक प्रार्थनेचं नव्हतं, गायनाचं होतं! दोन्हींचं कव्हर काळंच.

आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. कारण सासऱ्यांनी मागेच जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी मला वाचता येणार नाही, त्या दिवशी ही खुर्ची सोडीन." आणि खुर्चीविना सासरे म्हणजे सुईविना शिवणयंत्र. मी पडदे शिवते, मला विचारा!

"मी बघते काय करायचं ते," मी ठणकावलं.

"हो, मागे मिक्सरही तूच बघितला होतास," हे म्हणाले.

पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आमच्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये एका ॲपबद्दल सांगितलं होतं. रोजची प्रार्थना, त्या त्या दिवसाचं स्तोत्र, शास्त्रपाठ, सगळं खणखणीत आवाजात वाचून दाखवतं, शिवाय मंडळीच्या उत्तरासाठी थांबतंसुद्धा! सासऱ्यांच्या कानात नवंकोरं श्रवणयंत्र होतं, आणि ते मोबाइलला जोडता येत होतं. झालं! मोबाइल माझ्या ॲप्रनच्या खिशात, आवाज थेट त्यांच्या कानात. आमच्या दोघांत फक्त देव, आणि त्याला मी विश्वासात घेतलं होतं.

पहिल्या दिवशी सासरे दचकले. मान वर झाली. क्षणभर थांबले, आणि मग निघालं की नवीन स्तोत्र! सासूबाईंनी प्रार्थनेत डोळे उघडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"आली बाई गाडी कुरणातून बाहेर!" हे कुजबुजले.

नाश्त्याला मी साळसूदपणे विचारलं, "आज कसं झालं पप्पा?"

"शब्द आपोआप येत होते, बेटा," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी तर टम्म फुगले! सासूबाई माझ्याहून जास्त. त्यांनी थेट पाळकसाहेबांनाच सांगून टाकलं, "आमच्या ह्यांना अजून सगळं स्वच्छ येतं हो! एकदा येऊन ऐका."

पाळकसाहेब आले. सगळे उभे राहिले. मी सासऱ्यांची खुर्ची पुढे ओढायला वाकले आणि खिशात काहीतरी दाबलं गेलं. ॲपमधला माणूस धावत सुटला! त्याच्यामागे सासरे, सासऱ्यांच्या मागे आम्ही. पापांची कबुली तर अशी उरकली की कोणतं पाप कोणाचं, कळायला मार्ग नाही! पाळकसाहेबांना धाप लागली. मी खिशात हात घालून दिसेल ते, म्हणजे न दिसेल ते, दाबत सुटले. वेग उतरला. हुश्श केलं.

पण त्या दाबादाबीत आलेले निरोप वाचून दाखवायची सोय सुरू झाली होती.

"सर्व आजाऱ्यांसाठी आम्ही विनंती करतो," सासरे म्हणाले.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

"सर्व प्रवाशांसाठी आम्ही विनंती करतो."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

"अगं बाई, पडदे वीतभर आखूड झालेत," सासरे त्याच गंभीर आवाजात म्हणाले.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!" सगळ्यांनी म्हटलं. पाळकसाहेबांसकट!

"रस्त्यावरून घरातलं सगळं दिसतं."

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

"संध्याकाळपर्यंत लांब करून दे, नाहीतर मी दुसरीकडे जाते!"

या वेळी एकट्या सासूबाईंनी उत्तर दिलं. अगदी भक्तिभावाने.

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. "हे... कोणाचे पडदे?"

"सूनबाईंचं गिऱ्हाईक आहे," सासरे शांतपणे म्हणाले. "फार चिडलंय. तेवढं बघ, बेटा."

मी मोबाइल खिशातून बाहेर काढला. "पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून! आतला माणूस सुरुवातीला म्हणाला, 'ॲप वापरल्याबद्दल धन्यवाद.' देव इतका औपचारिक बोलत नाही."

"मग पडद्याचं कशाला म्हटलंत?"

"मजकूर बदलणं माझं काम नाही. मी मुद्रितशोधक."

"पण आधी बोलायचंत तरी!"

"तू इतक्या जिद्दीने खिसा आवळून उभी होतीस, कसं बोलणार? आणि तुम्ही तरी कुठे काय बोललात?"

ह्यांना अचानक स्वतःच्या चपला फार बघण्यासारख्या वाटू लागल्या. सासूबाई टेबलावरच्या कापडाची नसलेली सुरकुती सरळ करत राहिल्या.

"उद्यापासून मोबाइल टेबलावर ठेव," सासरे म्हणाले. "वाचू दे त्याला मोठ्याने. मी मागून म्हणेन आणि त्याच्या चुका काढेन. पूर्णविरामाला थांबत नाही, गाढव! खुर्चीचं काय ते तुम्ही ठरवा." त्यांनी गायनाचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "मला आता अक्षर दिसत नाही."

मग सासूबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात घट्ट रोवला, आणि आमच्या तोंडाला जे एकच वाक्य येत होतं तेच बाहेर पडलं.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."