पडघान काकांच्या ईमेल-फेऱ्या

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत कुणाला उठून तोटी उघडून बघावी लागत नाही. पडघान काका ओट्यावर येतात, गळा खाकरतात आणि खड्या आवाजात सांगतात, "लक्ष द्या. नळाला पाणी आलेलं आहे. पाण्याला जोर कमी असल्यामुळे नागरिकांनी मोटार लावू नये." एवढं झालं की तेच सगळं पुन्हा एकदा. पहिली वेळ ऐकणाऱ्यांसाठी, दुसरी वेळ "काय म्हणाले?" असं विचारणाऱ्यांसाठी.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणतात. जिल्ह्यातल्या तीन स्टँडांवर त्यांनी माइक सांभाळला. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथं राहिला, आवाज घरी आला. त्यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. गळा खाकरला तर शुद्ध मराठी, नाही तर वऱ्हाडी. त्यामुळे कोणतं बोलणं घरगुती आणि कोणतं अधिकृत, हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी हौसेनं माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "भोजनाची पहिली पंगत सुटण्याच्या तयारीत आहे." वऱ्हाडातली चार म्हातारी माणसं पिशव्या घेऊन उठली. त्यांना परत बसवताना माझी तारांबळ उडाली, पण काकांना त्यात काही गैर वाटलं नाही. त्यांचं तत्त्व साधं आहे: "आपलं काम सांगाचं. ज्याले जाचं तो चढते. बाकीच्याईनं ऐकून सोडून द्यावं."

हे तत्त्व स्टँडवर उत्तम चालतं. ईमेलवर ते कसं चाललं, ते सांगतो.

काकांची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरात काका आणि त्यांची एकुलती मुलगी वर्षा. दीड वर्षापूर्वी ती सासरहून परत आली. का आली, ते गल्लीत कुणाला ठाऊक नाही. माझ्या अंदाजानं काकांनाही नाही. तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ती बाहेर फारशी निघत नसे. मग तिनं घरातच हळदीचा उद्योग सुरू केला. शिरपूरकडच्या शेतकऱ्यांकडून हळकुंडं आणायची, घरच्या चक्कीवर दळायची, पुड्या भरायच्या. मी लोकांची कराची विवरणपत्रं भरून देतो, म्हणून परवान्याचे आणि बँकेचे कागद घेऊन ती माझ्याकडे आली. हिशेब चोख होता. गिऱ्हाइकं मोजकी, पण प्रत्येकानं स्वतः मागून घेतलेली. त्यातच नागपूरच्या एका दुकानाशी तिचं बोलणं पक्कं होत आलं. दुकान ऑनलाइन मागण्या घेणार, गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता वर्षाला कळवणार, आणि ती इथून थेट पुडी पाठवणार. दर महिन्याचं काम. ते झालं असतं तर तिला कुणाकडे हात पसरायची गरज उरली नसती.

हे काकांच्या कानावर गेलं आणि ते कामाला लागले.

नेट कॅफेत त्यांना कुणीतरी एक पेनड्राइव्ह विकला. त्यात पन्नास हजार ईमेल पत्ते आहेत असं विकणाऱ्याचं म्हणणं. वर्षा दळणात असताना काका तिच्या लॅपटॉपवर, ती क्वचितच उघडायची त्या तिच्याच खात्यातून मेल पाठवू लागले. टाइप करायची अडचण नव्हती. काका बोलायचे, यंत्र लिहायचं. मजकूर असा: "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. वर्षा पडघान यांची घरची शुद्ध हळद विक्रीसाठी उपलब्ध आहे. वर्षा पडघान, वाशिम." आणि विषयाच्या जागी: "तातडीची सूचना: आपली गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

रोज सकाळी दोन फेऱ्या. फेरीला शंभर प्रवासी. आणि गेलेली गाडी परत येते, म्हणून संध्याकाळी त्याच लोकांना तोच मेल पुन्हा. सहा दिवसांत बाराशे पत्त्यांवर चोवीसशे मेल गेले. सातव्या दिवशी मेल कंपनीनं वर्षाचं खातं बंद केलं.

काका माझ्याकडे आले. चेहरा असा, जणू ऐन गर्दीत डेपोनं गाडी रद्द केली आहे.

"भाऊ, हे काय करून राह्यले हे लोक? पेट्रोल नाई लागत, डायवर नाई लागत, अन् तरी गाडी थांबवली!"

मी लॅपटॉपवर साठलेले त्यांचे मेल पाहिले आणि डोक्याला हात लावला. शंभर जणांचे पत्ते प्रत्येकाला दिसतील असे वर ओळीनं मांडले होते.

"काका, पत्ते एकमेकांना दिसू नयेत अशी सोय असते. ती का नाही वापरली?"

"लपवून कायले ठेवाचं? गाडीच्या पाटीवर सारी गावं लिवलेली राह्यतात. शिरपूरवाल्याले समजू द्या ना, का रिसोडवाला भी याच गाडीत हाय."

रिसोडवाल्याला ते समजलं होतं. बऱ्याच जणांनी "मला यातून काढा" असं सगळ्यांना कळवलं होतं. मग दुसऱ्या काहींनी "सगळ्यांना कळवू नका" असं सगळ्यांना कळवलं होतं. एकानं त्याच भाऊगर्दीत आपला प्लॉट विकायला काढला होता. आणि ज्यांनी "बंद करा" असं लिहिलं, त्या प्रत्येकाला काकांनी अदबीनं उत्तर दिलं होतं: "आपली सूचना मिळाली. धन्यवाद. पुढील फेरी संध्याकाळी आहे."

आठवड्याभरात अकोल्याहून वकिलाची नोटीस आली. वर्षाच्या नावानं, कारण खातं तिचं. अकोल्यातले एक निवृत्त डॉक्टर मेल मिळाला त्याच दिवशी खरंच पुण्याला निघायचे होते. विषय वाचून त्यांनी जेवण अर्धवट टाकलं, रिक्षा केली आणि स्टँडवर जाऊन दोन तास बसले. गाडी तिच्या वेळेवर आली. नोटिशीत चार प्रश्न होते. माझा पत्ता कुठून मिळाला? तो नव्याण्णव परक्या माणसांना का दाखवला? हळद विकायची होती तर विषयात गाडी कशी आली? आणि मी नको म्हटल्यावरही दुसऱ्यांदा का पाठवलं?

चारही प्रश्न मला रास्त वाटले.

मी आठवडाभर वाचन केलं आणि काकांना समोर बसवलं. आपल्याकडे जाहिरातीचे फोन आणि एसएमएस यांना नियम आहेत. ईमेलसाठी तसा वेगळा कायदा नाही. पण माणसाचा पत्ता ही त्याची खासगी माहिती. त्याच्या संमतीवाचून ती वापरणं नव्या कायद्याला मान्य नाही, आणि त्यातला दंड आपल्यासारख्याच्या सात पिढ्यांना पुरेल एवढा असू शकतो. पेनड्राइव्हमध्ये परदेशातले पत्तेही होते. तिथले कायदे याहून कडक. काही देशांत आधी विचारल्याशिवाय जाहिरात पाठवताच येत नाही. जिथं येते, तिथंही विषय खरा लागतो, पाठवणाऱ्याचा ठिकाणा लागतो, आणि नको म्हटलं की थांबावं लागतं.

"पन म्या चोरी केली काय? रोख पैसे देऊन इकत घेतला पेनड्राइव्ह."

"विकणाऱ्यानं त्या लोकांना विचारलं होतं?"

"पन्नास हजार लोकाईले कोन इचारत बसते?"

"तेच म्हणतोय मी. काका, स्टँडवर माणूस स्वतःच्या पायानं येतो. तुमची सूचना त्याला हवी असते. इथं तुम्ही लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून माइक लावला."

काका म्हणाले, "बरं. मंग साऱ्याईची माफी मांगतो. आजच लावतो बारा फेऱ्या."

"तसं केलंत तर पुन्हा तोच गुन्हा होईल. त्यांना आता काहीही पाठवायचं नाही."

"बाप्पा! माफी मांगाले भी परवानगी लागते काय?"

लागते, असं मी सांगितलं. ते रात्री जेवले नाहीत असं वर्षा दुसऱ्या दिवशी म्हणाली.

ती स्वतः रागावली नव्हती. रागावली असती तर बरं, असं मला वाटलं. ती बापाला एवढंच म्हणाली होती, "बाबा, मले एकदा इचाराचं होतं." नागपूरच्या दुकानदाराचा तिला फोन आला होता. काकांच्या यादीत तोही निघाला, त्यालाही सकाळ-संध्याकाळ दोन्ही मेल मिळाले होते. तो म्हणाला, "ताई, माल चांगला आहे. पण आमच्या गिऱ्हाइकांचे पत्ते तुमच्या हाती द्यायचे, आणि तुमच्याकडे पत्त्यांचं असं होतं. हे प्रकरण मिटल्याचा कागद दाखवा, मग बघू." महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाला.

मी नोटिशीचं उत्तर लिहायला घेतलं. "मी, वर्षा पडघान," अशी सुरुवात केली. काकांनी माझा हात धरला.

"तिचं नाव काढा."

"नोटीस तिच्या नावानं आहे, काका."

"असू द्या. गाडी चुकीच्या फलाटावर म्या लावली. डायवरले काहून दंड?"

ते ऐकेनात. शेवटी दोन कागद केले. एक वर्षाचा: खातं माझं, मेल माझ्या नकळत गेले, पत्ते पुसून टाकले आहेत. दुसरा काकांचा, सगळी चूक कबूल करणारा. पोस्टानं पाठवू म्हटलं तर काका म्हणाले, कंट्रोलरची चूक झाली की डेपोत हजर व्हावं लागतं. मी नोटीस पाठवणाऱ्या वकीलबाईंना फोन करून येण्याची परवानगी घेतली. ती मागितली हे काकांनाही पटलं. मालेगाव, पातूर करत आम्ही अकोल्याला पोहोचलो. वाटेत प्रत्येक स्टँडवर माइकवाल्याचे उच्चार त्यांना खटकत होते, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

वकीलबाई चाळिशीच्या, बोलायला रोखठोक. काका त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले, गळा खाकरला आणि माफीचा कागद वाचला. दोनदा. बाहेरच्या बाकावरची पक्षकार मंडळी दारात जमा झाली. मग त्यांनी पिशवीतून हळदीची पुडी काढून टेबलावर ठेवली. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"हे मी मागितलं नव्हतं, काका," बाई म्हणाल्या.

"मंग आता मांगा."

बाई हसल्या, पण पुडी त्यांनी मागं सरकवली. म्हणाल्या, "मला एक सांगा. हळद खपवायला शंभर-दोनशे लोक पुरले असते. इतके कशाला?"

काकांनी या वेळी गळा खाकरला नाही.

"पोरगी घरी आली ना बाई, तवापासून गल्लीत तिचं नाव कोनी घेत नाई. 'तुमची ते' म्हनतात. 'पडघानची मोठी' म्हनतात. मोठी म्हनाले लहानी हाय कुठी? म्या जिंदगीभर गावाईची नावं घेतली माइकवर. दहा घराचं गाव असलं तरी घेतलं. वाटलं, एवढ्या लोकाईनं तिचं नाव वाचलं, त तिले भी..."

पुढचं त्यांना सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो. एखादी गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा सांगितली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. पत्ते पुसल्याचं लेखी द्या, पेनड्राइव्ह वकिलांसमोर मोडा, पुन्हा असं करू नका. काकांनी तो पिशवीतून काढला आणि टेबलाच्या पायाशी ठेवून टाचेनं मोडला. प्रकरण मिटल्याचा कागद घेऊन आम्ही परतलो. वर्षानं तो नागपूरला पाठवला, आणि महिना संपायच्या आत दुकानाची पहिली मागणी आली.

वर्षानं मेलचं काम आता नव्यानं मांडलं आहे. जो लेखी हो म्हणेल त्यालाच महिन्यातून एक मेल. जुन्या गिऱ्हाइकांनाही तिनं पुन्हा विचारलं. काकांनी आपलं नाव द्यायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मागणी लिवून द्या, बाबा." त्यांनी दिली.

पहिला मेल आला तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर होतो. आत चक्की चालू होती. काकांनी चष्मा लावला आणि मनातल्या मनात वाचू लागले. "नमस्कार, मी वर्षा पडघान. या महिन्यात मी शिरपूरला एकटीच जाऊन हळकुंडं निवडून आणली. परत येताना बस चुकली, पण भीती वाटली नाही." एवढं ती घरात बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं लिहिलं होतं की दळताना आईचं एक गाणं आठवतं. ते गाणं कोणतं, हे काकांनी मला सांगितलं, तिला नाही.

मेलच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते. "हे मेल नको असल्यास इथं दाबा." ती ठेवायला मीच सांगितलं होतं. एक दिवस काका फोन घेऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, ते खालची लाइन फक्त माह्या मेलातून काढता येते काय?"

"नाही काका. नियम सगळ्यांना सारखा."

"माहं बोट जाड हाय, म्हून म्हनलं. चुकून लागलं अन् बंदच झालं त?"

चुकून बंद झालं तर पुन्हा सुरू करता येतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण तेव्हापासून मेल आला की ते हळदीच्या भावापर्यंत वाचतात, बोट वर उचलून धरतात आणि फोन माझ्यापुढं करतात.

"याच्या खालचं तुमी वाचा."