तिकडं वर्ल्ड कप, इकडं बजरंग

बजरंगरावांनी मोबाईल खाटेवर आपटला आणि विचारलं, "आई, खरं सांग. मी कवा झालो?"

भीमाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "पोराचं लगीन करायच्या वयात हे काय काढलं आता?" त्या म्हणाल्या. "शाळंत लावलीय की तारीख. एक जून."

दुखणं तेच तर होतं! सोनईत काय, अख्ख्या तालुक्यात एक जूनला जन्मलेल्यांची गणतीच नव्हती. बाप पोराला हाताला धरून शाळेत न्यायचा. गुरुजी विचारायचे, जन्मतारीख? बाप म्हणायचा, घाला की तुमच्या मनानं. आणि गुरुजींचं मन एक जूनच्या पलीकडे कधी गेलं नाही. त्यामुळे सरपंच, चेअरमन, त्यांचे विरोधक आणि विरोधकांचे मेहुणे असे सगळे पुढारी एकाच दिवशी या भूतलावर अवतरले होते.

कालच तो दिवस होऊन गेला होता. तालुक्याचे साहेब सकाळपासून केक खात फिरत होते. बजरंगरावांच्या मांडवात पोचेपर्यंत त्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला होता. त्यांनी केकचा घास फोटोग्राफरच्या तोंडात कोंबला, बजरंगरावांच्या पाठीवर थाप मारली, "शंभर वर्षं जगा, कल्याणराव," असा आशीर्वाद दिला आणि ते निघून गेले. कल्याणराव म्हणजे बजरंगरावांचा एक नंबरचा वैरी. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती, तिकीट साहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांना आपलं नावसुद्धा माहीत नाही हे कळल्यावर बजरंगरावांना रात्रभर झोप लागली नव्हती.

भरीस भर म्हणजे सुनील सर. हे शाळेतले मास्तर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष टाकायचे. काल त्यांनी टाकलं होतं, '१ जून १९४८ : नगर ते पुणे पहिली एसटी धावली.' त्याखाली कल्याणरावांनी हसरा चेहरा टाकून लिहिलं, 'आणि बजरंगराव. दोघंही कुठंच वेळेवर पोचत नाहीत.' त्याला गावातल्या निम्म्या लोकांनी अंगठा दिला होता, त्यात बजरंगरावांचा सख्खा चुलतभाऊही होता.

"बास झालं," बजरंगराव म्हणाले. "आता खरी तारीख हुडकायची. दिनविशेषात शोभंल अशी."

सुनील सरांना तातडीने बोलावण्यात आलं. बजरंगराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष असल्यामुळे सर धापा टाकत आले.

"सर, जूनमधले मोठे मोठे दिवस वाचा."

"सहा जून, शिवराज्याभिषेक."

बजरंगरावांनी कानाला हात लावला. "त्यो नको. लोक जोड्यानं मारतील."

"एकवीस जून, योग दिन."

बजरंगरावांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "फुडं."

"पंचवीस जून. १९७५, देशात आणीबाणी जाहीर. १९८३, भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला."

भीमाबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला. "कंचा ह्यो दिस? समदं गाव रेडिवला कान लावून बसलं हुतं, त्यो?"

"व्हय, त्योच!"

"आगं बया! त्याच दिशी तर मी बाळंत झाले. छबूबाई दाईला आनायला एक बाप्या जागचा उठंना. तुझा बाप म्हनला, एवढी ओव्हर होऊ दी."

बजरंगरावांच्या अंगावर काटा आला. देश जग जिंकत होता आणि त्याच घटकेला सोनईत आपण!

"पण अध्यक्ष, दाखल्यावर एक्क्याऐंशी साल आहे," सर चाचरत म्हणाले.

"गुरुजींनी दोन वरसं वाढवून लावली असत्याल." म्हणजे फ्लेक्सवर 'युवा नेते' आणखी दोन वर्षं खपणार! बजरंगरावांनी लगेच फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"आरं पर ऐक तरी," भीमाबाई म्हणाल्या. पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं नाही, एवढा एक पुढारीपणाचा गुण बजरंगरावांनी मनापासून अंगी बाणवला होता.

मग काय विचारता! फ्लेक्सवर एका फलंदाजाच्या धडावर बजरंगरावांचं मुंडकं बसलं. खाली ठळक अक्षरं : 'तिकडं वर्ल्ड कप, इकडं बजरंग!' विश्वचषकाच्या आकाराचा केक नगरहून मागवला. जेवणावळीचं बघायला आणि औक्षण करायला धाकटी बहीण जया हिला बेलापूरहून चार दिवस आधीच बोलावून घेतलं. पंचवीस जूनला साहेब अगदी मोकळे होते. त्या दिवशी तालुक्यात कोणीच जन्मलेलं नव्हतं.

राहता राहिला दिनविशेष. "आणीबाणी काढून टाका," बजरंगराव म्हणाले.

"अहो, इतिहास आहे तो!"

"मग खाली टाका. बारीक अक्षरात. वर माझा जन्म."

सरांना बदलीची भीती होती. इतिहास बारीक झाला.

पंचवीस तारखेला मांडव खच्चून भरला. साहेब ताजेतवाने होते आणि त्यांनी माईक हातात घेऊन चक्क बरोबर नाव उच्चारलं. "ज्या दिवशी देशाने जग जिंकलं, त्याच दिवशी सोनईने बजरंगराव मिळवला!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या कल्याणरावांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. तिकीट आता आपलंच, या विचाराने बजरंगरावांचे डोळे भरून आले.

"या हिऱ्याला जन्म देणाऱ्या माउलीने दोन शब्द बोलावेत," साहेब म्हणाले, आणि माईक भीमाबाईंच्या हातात गेला.

"म्या काय बोलू?" भीमाबाई म्हणाल्या. "लई ताप झाला बघा त्या दिशी. बाहेर रेडिव वरडतोय, आत मी वरडतीया. शेवटाला छबूबाई आली आन् सुटले. पोरगी झाली."

साहेब 'वा!' म्हणायला निघाले होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "कोण झालं?"

"पोरगी. ही काय, आमची जया. बजरंग तवा दोन वर्साचा हुता. नागडाच फिरायचा त्या रेडिवपाशी."

मांडवात हास्याचा असा काही स्फोट झाला, की आचारीही झारा घेऊन बघायला आला. सगळ्यांच्या वर कल्याणरावांचा आवाज ऐकू येत होता.

"आई, तूच म्हनलीस ना त्या दिशी?" बजरंगराव दातओठ खात कुजबुजले.

"मी म्हनले बाळंत झाले. कोनाची, ते तू इचारलंस का? सांगाय गेले तर फोन लावून बसलास." माईक चालूच होता.

साहेब राजकारणात मुरलेले. त्यांनी क्षणात मोहरा वळवला. "जयाताई, या! आज खरा वाढदिवस लेकीचा!" जया औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. दाखल्यावर तिचीही तारीख एक जूनच होती, पण एक जूनलाही तिचा वाढदिवस आजवर कोणी केला नव्हता. तिने ताट भावाच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि विश्वचषक कापला. साहेबांनी भरवलेला घास तिने सावकाश, चव घेत खाल्ला आणि म्हणाली, "अजून एक द्या. चांगलाय."

फोटोग्राफरने सगळे फोटो तिचेच काढले. साहेब जाताना तिच्याच डोक्यावर हात ठेवून गेले, आणि गाडीत बसताना कल्याणरावांना हसत हसत शेजारी घेऊन गेले. तिकिटाचं काय झालं, ते बजरंगरावांना कोणी सांगायची गरज उरली नाही.

मांडव रिकामा झाल्यावर ते तसेच, औक्षणाचं ताट मांडीवर घेऊन आईशेजारी बसले. सुनील सरही मोबाईल घेऊन उभे होते. ग्रुपवरची दुरुस्ती त्यांनाच करायची होती.

"आई," बजरंगराव काकुळतीला येऊन म्हणाले, "मग मी झालो त्या दिशी काय झालं हुतं? आठव की जरा. पूर, वादळ, कोन मोठं मानूस आल्तं गावात, काय बी चालंल."

भीमाबाईंनी बराच वेळ डोळे मिटून मनापासून आठवून पाहिलं.

"न्हाई रं बाबा," त्या म्हणाल्या. "काय म्हंजी कायच झालं न्हवतं. लई निवांत दिस हुता. तू एकटाच बोंबलत हुतास."